दीड पावलाचा ठेका

फोन मल्लम्माचा होता. अक्काच्या सासूचा. अक्का घर सोडून गेल्यापासून या बाईनं एकदाही फोन केला नव्हता, त्यामुळं पडद्यावर तिचं नाव बघितलं आणि शिवकन्याच्या हातातली वरणभाताची वाटी कलली. मांडीवरच्या चिमीनं सांडलेल्या भातात हात घातला आणि तो आपल्याच केसांना पुसला.

"बोला मावशी. बरंय ना तिकडं?"

"बरंय की. तुझं ते गाणं बघितलं मी. पोरांचं. बाई डोक्यावर टोपली घिऊन शेताला जायली, ते."

"हो का? आवडलं का मग?"

"त्यात आमची सून चालायली."

शिवकन्यानं चिमीला छातीशी ओढलं. "न्हाई हो मावशी. ते कंप्युटरवर काढलेलं चित्र असतंय. खरं माणूस नसतंय त्यात."

"कंप्युटर लंगडतोय व्हय गं?"

तिनं हसायचा प्रयत्न केला. पलीकडून हसू आलं नाही. मल्लम्मा तिच्या नेहमीच्या तुटक बोलीत म्हणाली, "गल्लीतली पोरं बघायलीत. म्हणतात, ही आमची रेणुकाकाकी. व्यंकट भाडं घिऊन गेलाय. आला की त्याच्या कानावर जाईल. तुला सांगून ठेवलं." आणि फोन बंद.

सांगून ठेवलं. शिवकन्या ते दोन शब्द दिवसभर उलटेपालटे करत राहिली. सावध केलं, की धमकी दिली? आवाजावरून काहीच कळत नव्हतं.

शिवकन्या पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओसाठी लातुरात घरी बसून लहान मुलांच्या गाण्यांची चित्रं हलती करायची. चिमी झोपली की लॅपटॉप उघडायचा, ती कुशीवर वळली की श्वास धरून बसायचं, पुन्हा तिची नाकपुडी संथ हलायला लागली की पुढचं चित्र. कधी कधी एका हातानं थोपटत दुसऱ्या हातानं रेघ ओढायची आणि रेघेत ते थोपटणं उतरायचं. ती रेघ पुसायचं तिच्या जिवावर यायचं.

ते गाणं शेताला निघालेल्या आईचं होतं. डोक्यावर भाकरीची टोपली, मागं झाडाखाली झोळीत लेकरू. शिवकन्यानं बाई काढली, गोल चेहरा, मोठे डोळे, हिरवं लुगडं. पण बाई काही केल्या चालेना. स्टुडिओच्या दिपाली मॅडमनी बघून सांगितलं, "शिवकन्या, ही चालत नाहीये गं, तरंगतीये. टोपली रिकामी आहे असं वाटतंय."

त्याच आठवड्यात ती चिमीला घेऊन नांदेडला गेली होती, अक्काला भेटायला. अक्का तिथं एका शिवणकामाच्या दुकानात कामाला होती आणि दुकानाच्याच वरच्या खोलीत राहायची. हे फक्त शिवकन्याला आणि तिच्या नवऱ्याला, आदिनाथला, ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना अक्का हैदराबादकडं कुठं तरी गेली एवढंच माहीत होतं. त्यांच्या वडलांना, अप्पांनासुद्धा. अप्पांना सांगायची तर सोयच नव्हती. आधी दोनदा अक्का माहेरी चाकूरकडं आली होती, आणि दोन्ही वेळा अप्पांनी चार जाणती माणसं गोळा करून बैठक बसवली, अक्काच्या नवऱ्यानं, व्यंकटनं, सगळ्यांसमोर कान धरले, सगळ्यांनी चहा घेतला आणि अक्काला त्याच्याच गाडीत बसवून परत पाठवलं. दुसऱ्यांदा परत गेल्यावर महिनाभरात तिचा पाय मोडला. पिकअपचा मागचा लोखंडी फाळका त्यानं तिच्या पायावर सोडला. निसटला, असं सगळ्यांना सांगितलं. घोटा वाकडाच बसला.

व्यंकट अर्धापूरची केळी भरून देगलूरच्या पुढं तेलंगणात न्यायचा. म्हणजे रोज नांदेडावरूनच. शिवकन्यानं विचारलं होतं, "अक्का, त्याच्याच रस्त्यावर का राहिलीस गं?" त्यावर अक्का दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणाली होती, "तो लांब शोधतोय. जवळ कशाला बघील?"

दुकानाच्या गच्चीवर शिवकन्यानं तिला टोपली दिली, त्यात ओले कपडे भरले आणि मोबाइल धरला.

"कशी चालू? नटीसारखी का सुनेसारखी?"

"तुझ्यासारखी चाल."

"माझ्यासारखी? मग टोपली सांडती बघ तुझी."

पण सांडली नाही. उजवा पाय पूर्ण वजनानं पडायचा, डावा नुसता टेकायचा आणि चटका बसल्यासारखा उचलायचा. कंबर एकीकडं झुकायची, खांदा दुसरीकडं सावरायचा, आणि मान मात्र हलायची नाही. धप्प, टप. धप्प, टप. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून टाकीपर्यंत. शेवटी अक्कालाच हसू फुटलं आणि ते हसूही व्हिडिओत आलं.

घरी येऊन तिनं त्या चालीवर एकेक चित्र बेतलं. चेहरा वेगळा, रंग वेगळा, लुगड्याच्या काठावर तेवढी अक्कानं आपल्या साडीला लावली होती तसली चौकोनी ठिगळं, कारण ती दिसायला फार देखणी होती. झालं, आता कोण ओळखणार! हे तिच्या मनात आलं तेव्हा ती लहानपण विसरली होती. त्यांच्या गावाकडं बांधावरून येणारं माणूस तोंड दिसायच्या कितीतरी आधी ओळखतात. अप्पा खळ्यावर बसून, डोळ्यांवर हात धरून सांगायचे, कोण यायलंय ते. पावलं कशी टाकतंय, हात कुठल्या बाजूला जास्त हलतोय, एवढ्यावर. तोंड तर शेवटी कळतं.

गाण्याला संगीत देणारा सिद्धराम उदगीरचा. त्यानं कच्ची चित्रं बघितली आणि आपलं आधीचं संगीत टाकूनच दिलं. "मॅडम, हा ठेका कुठनं आणलात? एक पूर्ण पाऊल, एक अर्धं. दीड पावलाचा ठेका! असला मी कधी वाजवला नव्हता." त्यानं हलगीवर तेच बसवलं. धप्प, टप. शिवकन्या म्हणाली, "सुचलं असंच." आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

गाणं बघता बघता घरोघरी गेलं. अंगणवाडीतली पोरं डोक्यावर पाट्या धरून लंगडत नाचायला लागली. नांदेडच्या दुकानात बायका मोबाइल घेऊन यायच्या, गाण्यातल्या बाईसारखं परकर-पोलकं शिवून द्या म्हणायच्या, तसल्याच ठिगळांच्या काठाचं. माप द्यायला उभी केलेली पोरगी अक्कासमोरच लंगडून दाखवायची. अक्का हे फोनवर सांगताना पोट धरून हसत होती. "शिवे, माझंच मला शिकवायली गं ती!" शिवकन्याही हसली होती. त्या वेळी.

मल्लम्माचा फोन येऊन गेल्यावर तिनं पहिला फोन दिपाली मॅडमना केला.

"ते गाणं काढून टाकता येईल का?"

"काढून? अगं, शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजतंय ते. का पण?"

का, हे सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर ते आणखी एका माणसाला कळलं असतं. "मला चाल आवडत नाहीये," ती म्हणाली. "मी सरळ करून देते. फुकट करून देते."

"सरळ केलीस तर त्यात उरलं काय?" दिपाली मॅडम हसल्या. "बाळंतपणानंतर होतं असं. आपलंच काम नको वाटतं. झोप काढ जरा."

मग अक्काला. मागं शिलाई मशीनची घरघर होती, ती थांबली.

"सासूनं ओळखलं म्हणतीस?"

"हाव."

"ती वळखणारच. तिनंच पाय बांधलता, हळद-चुना लावून. रात रात उशाला बसली होती." अक्काचा आवाज खाली गेला. "पण पोराच्या म्होरं तिचं काय चालत न्हाई."

"तू बाहेर पडू नको."

"न्हाई पडत. मागच्या बोळातनं पण न्हाई."

त्यानंतर शिवकन्याला गाड्यांचे आवाज ऐकू यायला लागले. आधी ते नव्हतेच जणू. आता गल्लीत पिकअप वळली की ती खिडकीच्या बाजूला भिंतीला चिकटून उभी राहायची आणि चिमीच्या तोंडात बोट द्यायची, ती ओरडू नये म्हणून. चिमीला वाटायचं खेळच आहे. नव्या दोन दातांनी ती बोट चावायची आणि हसायची. आदिनाथ म्हणाला, चार दिवस क्लासवर शिकवायला जात नाही, घरी थांबतो. ती म्हणाली, नको, कुणी विचारलं तर काय सांगशील? तो गेला, आणि जिन्यावर त्याची पावलं विरली तशी तिला हाक मारावीशी वाटली.

मोबाइलमधला व्हिडिओ तिनं कधीच पुसला होता, पण लॅपटॉपवर एक राहिला होता. गच्चीवरचा. पुसायला म्हणून तिनं तो उघडला आणि पुसायच्या आधी एकदा लावला. अक्का टाकीकडून येत होती. तेवढ्यात दार वाजलं, तिनं व्हिडिओ थांबवला.

पाण्याचा जार आला असेल असं समजून तिनं कडी काढली.

दारात व्यंकट होता. हातात केळांची फणी. "चिमीला आणली," तो म्हणाला. "ताजी हायेत."

त्याचा आवाज मऊ होता. अक्का सांगायची, त्याचा आवाज मऊ झाला की मी चुलीपासून लांब सरकते.

"या दाजी." दुसरं काय म्हणणार? आत वळताना तिनं गादीवरच्या लॅपटॉपचं झाकण पाडलं. आतला पंखा घूं घूं करत राहिला.

"आदिनाथराव न्हाईत?"

"येतीलच इतक्यात."

"मग बसतो की." तो गादीच्या कडेला बसला, लॅपटॉपपासून हातभर अंतरावर. चिमी रांगत त्याच्याकडं गेली आणि त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं. चिमी नवीन माणसाला कधी जात नव्हती. आज गेली.

"आणा तिला, तिची झोपायची वेळ झालीय."

"राहू दे. खेळू दे." त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि परत ठेवला. "तूच दाखव. ते गाणं."

"कोणतं, दाजी?"

"कितीक गाणी हायेत तुझी? गल्लीतली पोरं माझ्याकडं बघून लंगडायलीत. म्हणतात, काकी गाण्यात आली. आईला विचारलं तर ती भांडी आपटायली. मग म्हणलं, काढणारीलाच विचारावं."

म्हणजे मल्लम्मानं सांगितलं नव्हतं. पण त्याचा आता उपयोग नव्हता. शिवकन्यानं आपल्या मोबाइलवर गाणं लावलं आणि त्याच्यासमोर धरलं. दोन्ही हातांनी.

हलगी सुरू झाली. हिरव्या लुगड्यातली बाई बांधावरून निघाली. धप्प, टप. चिमीनं टाळ्या पिटल्या. व्यंकट वाकून बघत होता. चिमीचं पाऊल त्याच्या मुठीत होतं, आणि त्याचा अंगठा तिच्या तळव्यावर ठेका धरत होता. एकदा जोरात, एकदा हलकं. एकदा जोरात, एकदा हलकं. त्याला ते कळतही नसावं. शिवकन्याची नजर त्या अंगठ्यावरून हलेना. पोरीचा घोटा केवढासा, त्याच्या दोन बोटांत मावेल एवढा.

"परत लाव."

तिनं परत लावलं.

"कुणाला बघून काढलंस?"

"कुणालाच न्हाई. डोक्यातून."

"बघितल्याबिगर डोक्यातून कसं निघतंय?" तो मूर्ख नव्हता. कधीच नव्हता.

"म्हणजे, आमच्या गल्लीत एक बाई येती भाजी घेऊन. पायानं अधू हाय. तिला बघून."

"काय नाव तिचं?"

"नाव... धुरपता." कुठून सुचलं कोण जाणे. "बाजारादिवशी येती."

लॅपटॉपचा पंखा मोठ्यानं घुमला. व्यंकटनं तिकडं बघितलं. "चालू हाय का ते?"

"तापतंय. जुनं झालंय." ती पुढं झाली, चिमीला घेण्यासाठी आणि लॅपटॉप मागं सारण्यासाठी, एकाच वेळी. चिमी आली नाही. तिनं त्याच्या सदऱ्याचं बटण धरलं होतं.

"परत एकदा," तो म्हणाला.

या वेळी त्यानं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. डोळ्यांशी नेला. बाई बांधावरून चालली, टोपली न हलवता. कंबर झुकली, खांदा सावरला. शिवकन्याला दारापर्यंतचं अंतर दिसत होतं, आणि चिमी त्याच्या मांडीवर होती.

गाणं संपलं. त्यानं मोबाइल गादीवर टाकला.

"लोक येडे हायेत," तो म्हणाला. "ही कुठं रेणुकासारखी? हिचा तर पायच गेलेला हाय."

शिवकन्याला आधी कळलंच नाही.

"रेणुकाचा पाय बरा झालता," तो म्हणाला. "पंधरा दिसांत उठून कामाला लागली होती ती. शेताला जायची, पाणी आणायची. अगदी नीट चालायची. तू बघितलं न्हाईस का?"

तिनं मान खाली घातली. त्याला उत्तर हवं होतं. तो थांबला होता, चिमीच्या पायावरचा अंगठा आता थांबला होता.

"सांग की. झालता का न्हाई बरा?"

"हो दाजी."

"नीट चालायची का न्हाई?"

"नीट चालायची," शिवकन्या म्हणाली. "सरळ चालायची."

"मग तेच." त्यानं मोठा श्वास सोडला, जणू कुणी तरी त्याच्या बाजूनं साक्ष दिली होती. चिमीला तिच्या हातात दिलं. तिच्या गालाला हात लावला. "गोड हाय पोरगी. येत जाईन मधूनमधून हिला बघायला. ती फोनबिन करती का?"

"न्हाई."

"केला तर सांग. मी काय खातो का तिला?"

तो खाली उतरला. पिकअप सुरू झाली, मागं-पुढं करत गल्लीतून वळली आणि आवाज लांब गेला. शिवकन्यानं कडी लावली, वरची खिटीही लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. चिमीच्या तळव्यावर ओठ ठेवले. किती तरी वेळ. चिमीला गुदगुल्या होत होत्या.

अक्कानं लगेच फोन उचलला. "आलता?"

"आलता."

"मग?"

"त्यानं तीनदा बघितलं, अक्का. म्हणला, ही रेणुका न्हाई. रेणुकाचा पाय बरा झालता म्हणला. नीट चालायची म्हणला." ती थांबली. "मला पण म्हणायला लावलं. मी हो म्हणलं."

"बरं केलंस."

"मी म्हणलं, सरळ चालायची."

"बरं केलंस म्हणलं ना."

अक्काच्या बाजूला सायकलची घंटी वाजली, कुणी तरी अस्तराचं कापड मागितलं, अक्कानं ते काढून दिलेलं ऐकू आलं. मग ती फोनशी परत आली. "इतकी वर्षं मी त्याच्या म्होरं चालले गं, शिवे. पाण्याला, सरपणाला, त्याचं ताट घिऊन. कुठं बघत होता त्यो?"

"येत जाईन म्हणलाय तो, चिमीला बघायला," शिवकन्या म्हणाली.

"गाणं राहू दे," अक्का म्हणाली. "नको काढू. पण आता तू इकडं यायचं न्हाई. आन् फोन मीच करीन, दुसऱ्याच्या फोनवरनं. तो तुझ्याकडं येत जाणार म्हणतोय ना? मग तुझ्या मागं मागं माझ्याकडं यायला किती वेळ?"

"किती दिवस, अक्का?"

"मला काय ठाव? चिमी चालायला लागली की फोटो... न्हाई, फोटो पण नको. आन् ते गच्चीवरचं पुसून टाक. ठिवू नको."

तिनं लॅपटॉपचं झाकण उचललं. अक्का तशीच मधे थांबली होती, एक पाय टेकलेला, एक उचललेला. शेवटी येणारं तिचं हसू ऐकायचं होतं, पण ऐकलं असतं तर पुसवलं नसतं. तिनं न ऐकता पुसलं. मग केळांची फणी उचलून खाली कचऱ्यात नेऊन टाकावी असं मनात आलं, पण त्यासाठी दार उघडावं लागलं असतं. तिनं ती ओट्याखाली सरकवून ठेवली.

ऊन उतरलं. चिमी मांडीवर झोपली. जिन्यात पावलं वाजली. दोन पायऱ्या एकदम चढणारी, मधे थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेणारी. आदिनाथची. ती पावलं तिला झोपेतही कळली असती.

दारावर टकटक झाली. ती उठली, कडीला हात लावला, आणि तशीच उभी राहिली.

"शिवकन्या?" बाहेरून आवाज आला. "अगं, मीच हाय."

तेव्हा तिनं कडी काढली.